इंजिन आपोआप बंद होणं थांबलंय? आधी बॅटरी बघा

सिग्नलला ब्रेक दाबून थांबलं की इंजिन बंद, ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा चालू. ‘स्टार्ट-स्टॉप’ ही सोय लहान गाड्यांतून पिकअप ट्रकमध्ये येऊनही बरीच वर्षं झाली. फोर्डच्या एफ-१५० मध्ये २.७ लिटरच्या इकोबूस्ट इंजिनाबरोबर ती २०१५ च्या मॉडेलपासून आहे. तरीही पिकअप घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की हे कायमचं बंद कसं करायचं? माझं म्हणणं असं की बंद करण्याआधी ते चालतं कसं, हे एकदा समजून घ्या. कारण ही यंत्रणा इंधन वाचवते, आणि त्याशिवाय बॅटरी अशक्त होत चालल्याचं गाडी अडकून पडण्याच्या कितीतरी आधी सांगते.

इंधनाचा हिशोब सरळ आहे. २ लिटरचं पेट्रोल इंजिन गाडी उभी असताना तासाला साधारण ०.६ लिटर पितं, ४.६ लिटरचं सुमारे दीड लिटर. म्हणजे इंजिन जितकं मोठं तितका फायदा जास्त. दिवसभरात सिग्नलवर आणि कोंडीत मिळून वीस मिनिटं इंजिन बंद राहिलं, तर मोठ्या इंजिनात अर्धा लिटर वाचतं. थांबा साधारण दहा सेकंदांहून मोठा असेल तर पुन्हा चालू करण्याचा खर्च भरून निघतो. महामार्गावरच गाडी पळत असेल, तर फायदा जवळपास शून्य.

स्टार्टर लवकर जाईल ही भीती रास्त वाटते, पण अशा गाड्यांत साधा स्टार्टर नसतोच. ब्रश जास्त टिकाऊ, बेअरिंग आणि दाते मजबूत, आणि गाडीच्या आयुष्यात काही लाख वेळा फिरेल असा हिशोब धरून तो बनवलेला असतो. क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) बेअरिंगवरही वेगळा थर देतात, कारण इंजिन थांबताना आणि सुटताना तेलाचा पडदा पातळ होतो. इंजिनाची खरी झीज थंड इंजिन सुरू करताना होते, रात्रभरात तेल खाली उतरून गेलेलं असतं म्हणून. गरम इंजिन अर्धा मिनिट थांबलं तर तेल जागेवरच असतं. शिवाय क्रँकचा सेन्सर दोन्ही दिशांनी मोजतो. थांबताना इंजिन किंचित मागे हेलकावलं तरी कोणता पिस्टन कुठे आहे हे कंट्रोलरला ठाऊक असतं, आणि पहिली ठिणगी लगेच योग्य सिलिंडरमध्ये पडते. सकाळच्या स्टार्टपेक्षा सिग्नलवरचा स्टार्ट झटपट होतो तो यामुळे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की दाब जातो आणि क्लच सुटतात. म्हणून काही गिअरबॉक्समध्ये वेगळा विजेचा पंप असतो. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या पेटीत स्प्रिंगच्या पिस्टनमागे थोडं तेल दाबून साठवण्याची सोय आहे. इंजिन सुटताच ते तेल क्लच भरतं. सुटताना हिसका बसत असेल, तर बऱ्याचदा दोष पायाच्या घाईचा असतो. ब्रेक सोडून त्याच क्षणी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर इंजिन पकडतं तेव्हाच थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडलेला असतो. पुढची गाडी हलायच्या बेतात दिसली की ब्रेक किंचित सैल करा, इंजिन सुरू होऊ द्या, मग निघा. अर्ध्या सेकंदाचाच प्रश्न आहे. असं करूनही हिसका बसतोच आणि तो वाढत चाललाय, असं असेल तर गिअरबॉक्सचं तेल आणि तो जादा पंप तपासून घ्या.

आता बॅटरी. इंजिन बंद असताना दिवे, एसीचा पंखा, स्क्रीन, सगळं बॅटरीवर चालतं आणि लगेच वर स्टार्टरचा झटका. दिवसात पन्नास वेळा. साधी पाण्याची बॅटरी हे काही महिन्यांत सोडून देते. इथे एजीएम किंवा ईएफबी लागते. एजीएममध्ये आम्ल काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेलं असतं, म्हणून ती वारंवार उतरणं-भरणं जास्त सोसते. ईएफबी ही सुधारलेली पाण्याची बॅटरी. गाडीत एजीएम असेल तर जागी एजीएमच बसवा. ईएफबीच्या जागी एजीएम चालू शकते, उलटं नाही. स्वस्त पर्याय म्हणून साधी बॅटरी टाकलेली गाडी सुरुवातीला व्यवस्थित चालते, म्हणूनच लोक फसतात.

ऋण टर्मिनलवर एक छोटा डबा असतो. तो बॅटरीचा सेन्सर. आत किती करंट गेला, बाहेर किती आला आणि तापमान किती, हे तो सतत मोजतो. त्याच्या हिशोबात बॅटरी साधारण तीन चतुर्थांशाखाली गेली की इंजिन आपोआप बंद होणं थांबतं, कारण पुन्हा सुरू होईल याची गाडीला खात्री नसते. गाडी मात्र सकाळी नेहमीसारखी सुरू होते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. हीच ती आगाऊ सूचना. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दार उघडण्याआधी टर्मिनलवर व्होल्ट मोजा. एजीएम पूर्ण भरलेली असेल तर १२.८ च्या आसपास दिसेल, १२.५ च्या खाली असेल तर ती उपाशी आहे. बोनेट बाहेरून उघडत नसेल तर आधीच उघडून ठेवा, नाहीतर कुलूप उघडताच गाडी जागी होते आणि आकडा खोटा येतो.

उपाशी राहण्याचं कारण बहुधा छोट्या फेऱ्या. अशा गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) सतत पूर्ण जोर लावत नाही. वेग कमी करताना जास्त भरतो, एरवी आवरतो. रोज पाच-सात किलोमीटर चालणाऱ्या गाडीची बॅटरी कधीच वर येत नाही. एजीएमची सोय असलेला चार्जर लावा. ७० अँपिअर-तासाची बॅटरी ६५ टक्क्यांवर असेल तर सुमारे २५ अँपिअर-तास भरायचे असतात. ५ अँपिअरच्या चार्जरला शेवटचा मंद टप्पा धरून सहा-सात तास लागतात. १५ व्होल्टच्या वर नेणारा ‘रिकंडिशन’ मोड एजीएमला लावू नका, ती आतून सुकते. आणि चार्जरची ऋण क्लिप बॅटरीच्या खांबाला न लावता चेसिसच्या अर्थ पॉइंटला लावा. खांबाला लावली तर करंट सेन्सरला वळसा घालून जातो. बॅटरी भरते, पण गाडीला ते कळत नाही.

बॅटरी बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत नवी बसवल्याची नोंद स्कॅनरने करावी लागते. ती राहिली तर गाडी जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानेच नवीला भरत राहते. नवी बॅटरी टाकूनही इंजिन बंद होत नसेल तर आधी ही नोंद झाली का ते विचारा.

पिकअपवाल्यांनी इथे आणखी काळजी घ्यायला हवी, कारण हौद्यात फ्रिज, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची विजेची चरखी), वर दिवे असं काही ना काही बसवलेलं असतं. या सगळ्यांची अर्थ वायर थेट ऋण खांबावर आवळलेली दिसते आणि मग सेन्सरचा हिशोब कोलमडतो. गाडी समजते बॅटरी भरलेली आहे, प्रत्यक्षात फ्रिजने ती रात्रभर उतरवलेली असते. अर्थ चेसिसवर द्या. दुसरी बॅटरी असेल तर दोन्ही बॅटऱ्या नुसत्या जोडून देणारा जुन्या पद्धतीचा रिले पुरत नाही, कारण आवरलेल्या अल्टरनेटरचा दाब तिला कधी पूर्ण भरतच नाही. दाब वाढवून तिला पूर्ण भरणारा डीसी-डीसी चार्जर लावा.

इंजिन बंद न होण्याची बाकी कारणं निरुपद्रवी असतात: इंजिन अजून गरम व्हायचंय, काच साफ करायला डिफ्रॉस्ट चालू आहे, एसीला केबिन थंड करायचीय, चढ आहे, चाकं वळवलेली आहेत, फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) लागलाय, ट्रेलर जोडलाय. डिझेलमध्ये धुराच्या फिल्टरची सफाई चालू असेल तरी इंजिन बंद होत नाही.

कधी कधी मात्र ते खरंच नको असतं. समोरून येणाऱ्या गाड्यांतून वाट काढून वळायचं असेल तेव्हा ही यंत्रणा बंद करणारं बटण दाबा. बऱ्याच ट्रकमध्ये ब्रेक जेमतेम गाडी धरेल इतकाच दाबला तरी इंजिन चालू राहतं. बटण प्रत्येक स्टार्टनंतर पूर्ववत होतं, कारण गाडीचे इंधनाचे आणि धुराचे आकडे यंत्रणा चालू धरून प्रमाणित केलेले असतात. बटणाची स्थिती लक्षात ठेवणारे डबे मिळतात; ते लावण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. बोनेट उघडं आहे असं गाडीला भासवायला बोनेटच्या स्विचचा प्लग काढून ठेवण्याची युक्ती मला अजिबात पटत नाही. त्याने अलार्म आणि रिमोट स्टार्टही बिघडतात. इंजिन बंद होऊ नये म्हणून ट्रेलर नसताना टो मोड (ट्रेलर ओढतानाची सेटिंग) लावून फिरलात तर गिअर उशिरा पडतात आणि वाचवायचं ते इंधन उलट जास्त जळतं.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येक चालकाला सांगा. इंजिन शांत आहे म्हणजे गाडी बंद आहे असं नाही. डी मध्ये असताना पट्टा काढून दार उघडलं तर काही गाड्या इंजिन पुन्हा सुरू करतात, काही पूर्ण बंद होऊन पी मध्ये टाकायला सांगतात. उतरण्याआधी पी, हँडब्रेक, मग इग्निशन बंद, हा क्रम मोडू नका. बोनेटखाली हात घालण्याआधी चावी बंद करून खिशात, आणि बिनचावीची गाडी असेल तर रिमोट गाडीपासून लांब. बेल्ट आणि पंखा कधी फिरतील ते कंट्रोलर ठरवतो.