फुकटचे सॉफ्टवेअर निवडताना मी काय पाहतो

कोल्हापुरातल्या लहान व्यवसायांचे संगणक सांभाळण्याचे काम मी करतो. लक्ष्मीपुरीतला छापखाना असो, शाहूपुरीतले करसल्लागाराचे कार्यालय असो की उद्यमनगरातले वर्कशॉप, मागणी ठरलेली असते: "साहेब, मशीन लई स्लो झालंय, एखादं फ्री सॉफ्टवेअर टाकून द्या की." या मागणीत गैर काही नाही. संगणकाची निगा आणि सुरक्षा यांसाठी लागणारी बहुतेक साधने आज खरोखरच विनामूल्य मिळतात आणि त्यांतली काही विकतच्या साधनांच्या तोडीची आहेत. मात्र निवड करताना त्यात काय काय सोयी आहेत हे वाचण्याआधी मी एकच गोष्ट शोधतो, ती म्हणजे हे बनवणाऱ्याचा खर्च कुठून निघतो.

उत्तर सरळ मिळाले की निम्मे काम झाले. फायली आवळून लहान करणारे सेव्हन-झिप किंवा पासवर्ड सांभाळणारे कीपास यांसारखी ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशी, साधने हौशी जाणकारांच्या श्रमांवर आणि देणग्यांवर चालतात. मालवेअरबाइट्स या व्हायरस शोधणाऱ्या साधनाची फुकट आवृत्ती आपण सांगू तेव्हाच तपासणी करते. सतत पहारा हवा असेल तर पैसे भरावे लागतात, आणि हा व्यवहार स्वच्छ आहे. अडचण येते ती उत्तर सापडत नाही तेव्हा. अवास्ट या नावाजलेल्या अँटिव्हायरसच्या वापरकर्त्यांनी इंटरनेटवर काय काय पाहिले याची माहिती जंपशॉट या अवास्टच्याच उपकंपनीमार्फत विकली जात होती, हे जानेवारी 2020 मध्ये उघड झाले. जंपशॉट बंद करावी लागली आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. राखणीला ठेवलेल्या माणसानेच घरातल्या गोष्टी बाहेर विकाव्यात, तसा हा प्रकार होता.

म्हणून अँटिव्हायरसच्या बाबतीत माझा सल्ला कंटाळवाणा असतो: विंडोज 10 आणि 11 मध्ये मुळातच असलेला डिफेंडर पुरेसा आहे, तो चालू आहे एवढे पाहावे. दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. मग त्या दुसऱ्याची मुदत संपली तरी तो काढून टाकण्याचे कुणाच्या ध्यानात येत नाही आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात "रिन्यू करा"चे फलक रोज झळकत राहतात. शंका आलीच तर डिफेंडरच्या स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उघडण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये दडून बसणारा व्हायरसही हाती लागू शकतो.

सफाईच्या साधनांबद्दल मात्र मी अधिक कडक आहे. रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅम आपल्या सेटिंग जिथे नोंदवतात ती वही) साफ केल्याने संगणक पळू लागतो हा समज इतका रुजला आहे की तो काढणे व्हायरस काढण्यापेक्षा अवघड जाते. अशा साधनांना आपला पाठिंबा नाही, असे स्वतः मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले आहे. सीक्लीनर हे या वर्गातले सर्वांत लोकप्रिय नाव. ऑगस्ट 2017 मध्ये त्याच्या 5.33 या आवृत्तीत हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला आणि ती आवृत्ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरून, कंपनीच्याच अस्सल डिजिटल स्वाक्षरीसह, सुमारे 22 लाख 70 हजार संगणकांवर पोहोचली. म्हणजे अधिकृत जागेवरूनच डाउनलोड करण्याची खबरदारी घेणारेही त्यात सापडले. ज्या साधनाची गरजच नाही ते न टाकणे हा यावरचा एकमेव उपाय मला दिसतो. तात्पुरत्या फायली काढायला विंडोजमधले स्टोरेज सेन्स आहे, सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून बंद करता येतात, आणि त्याहून बारकाईने पाहायचे तर आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्याच गोष्टींची यादी दाखवणारे मायक्रोसॉफ्टचेच ऑटोरन्स आहे. ड्रायव्हर (प्रिंटरसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) अपडेट करून देणाऱ्या फुकट प्रोग्रॅमबद्दल न बोललेलेच बरे.

डाउनलोडच्या पानावर थोडे थांबावे. सॉफ्टवेअरचे नाव गूगलवर टाकले की पहिला दुवा अनेकदा जाहिरातीचा असतो. तो उघडला की हिरव्या रंगाची तीन-चार ठसठशीत बटणे दिसतात आणि खरा दुवा खाली बारीक अक्षरांत असतो. पुढे इन्स्टॉल करताना आधीच टिक केलेल्या चौकटी येतात, ब्राउझरचे पहिले पान बदलू का, आणखी एक टूलबार घेऊ का. आपण "नेक्स्ट, नेक्स्ट" करत गेलो की सगळे मान्य केल्यासारखे होते. एरवी भरवशाच्या जागीही हे घडू शकते: 2015 मध्ये सोर्सफोर्जने गिम्प या चित्रसंपादकाच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातबाज प्रोग्रॅम जोडल्याचे उघडकीला आले होते. फाइलबद्दल संशय असेल तर ती व्हायरसटोटलवर चढवून अनेक अँटिव्हायरसचे मत एकदम घेता येते, पण तिथे गिऱ्हाइकांची कागदपत्रे कधीही चढवू नयेत, कारण ती इतरांच्या हाती जाऊ शकतात.

कार्यालयांसाठी आणखी एक बाब आहे आणि ती सर्रास दुर्लक्षिली जाते. "फ्री" लिहिलेली पुष्कळ साधने फक्त घरगुती वापरासाठी फुकट असतात. दुकानात किंवा कार्यालयात वापरली तर तो परवान्याचा भंग ठरतो. सेव्हन-झिप व्यवसायातही चालते, त्याच कामाचे विनरार मात्र मुळात 40 दिवसांच्या चाचणीसाठीच असते, वर्षानुवर्षे चालू राहते ती गोष्ट वेगळी. सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही, म्हणून अधूनमधून नवी आवृत्ती हाताने टाकावी लागते. क्रॅक केलेल्या, म्हणजे परवाना मोडून फुकट चालवलेल्या, प्रोग्रॅमला मी हात लावत नाही, कारण क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते आणि त्यापुढे सुरक्षेविषयी बोलण्यात अर्थ उरत नाही.

"स्लो झालंय" या तक्रारीचे मूळ अनेकदा सॉफ्टवेअरमध्ये नसतेच. त्यासाठी मी आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारे जपानी बनावटीचे ओपन सोर्स साधन चालवतो. हार्ड डिस्क धड असेल तर निळी पट्टी दिसते, "कॉशन" असेल तर पिवळी. पट्टीपेक्षा खालच्या तक्त्यातल्या 05, सी5 आणि सी6 या ओळी महत्त्वाच्या: निकामी म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवण्याचे लहान कप्पे), वाचता न आल्याने ताटकळत असलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर यांची संख्या तिथे असते. हे आकडे षोडशमान (16 च्या पायावरच्या) पद्धतीत दिसतात, म्हणजे 10 दिसले तर ते 16 समजावेत. सी5 वाढत असेल तर कोणतेही सफाईचे साधन उपयोगाचे नाही; आधी फायली दुसरीकडे न्याव्यात आणि एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी.

जुन्या यंत्रांबाबत आणखी एक गोष्ट: विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची फुकट अपडेट्स, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. जिथे केवळ ब्राउझर आणि ईमेलचे काम आहे तिथे जुन्या यंत्रावर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट कार्यप्रणाली सुचवतो. छापखान्यात मात्र श्रीलिपी (मराठी टंकलेखन) आणि पेजमेकर (पानांची मांडणी) हे विंडोजवरचे प्रोग्रॅम असल्याने तो विषय निघत नाही.

राहिला बॅकअप, आणि इथे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तेच घडले. तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क एकदमच पाण्यात जातात. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही फायलींची नक्कल करणारी आज्ञा एका लहानशा बॅच फाइलमध्ये (आज्ञा साठवलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये) लिहून ठेवली की रोज संध्याकाळी एका डबल-क्लिकवर हिशेबाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर जाते. त्यात "मिर" (/MIR) हा हुबेहूब नक्कल ठेवणारा पर्याय वापरताना सावध राहावे, कारण मूळ जागी फाइल खोडली गेली असेल तर तो डिस्कवरचीही खोडतो. काम झाल्यावर डिस्क काढून ठेवावी, नाहीतर फायली कुलूपबंद करणाऱ्या रॅन्समवेअरच्या तडाख्यात तीही सापडते. डिस्क दोन असाव्यात, त्यांतली एक जूनच्या आधीच उंचावरच्या पेठेतल्या नातेवाइकाकडे पोचती करावी आणि महिन्यातून एकदा तिच्यावरची एखादी जुनी फाइल उघडून पाहावी.