तुम्ही विचारलेत म्हणून: समुद्राकाठच्या अंगणात लाकडाऐवजी कॉम्पोझिट फळ्या का?

कारवारजवळ माजाळीला माझ्या मामांचे घर आहे. त्या घराच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या बाजूने, पूर्वी लाकडी फळ्यांचा बसायचा सोपा होता. तिथे आता कॉम्पोझिट डेकिंग, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून काढलेल्या फळ्या, बसवल्या आहेत. बेळगाव-खानापूरकडच्या ज्या मंडळींची कारवार, गोवा किंवा वेंगुर्ल्याच्या बाजूला घरे आहेत, ती मला भेटली की एकच प्रश्न विचारतात: या फळ्यांना देखभाल लागत नाही असे दुकानदार सांगतात, ते खरे आहे का? माझे उत्तर असे आहे की फळीला देखभाल खरोखरच कमी लागते, परंतु ती कमी राहील की नाही हे फळीच्या खाली काय आहे त्यावर ठरते, आणि दुकानात आपल्याला दाखवली जाते ती फक्त फळी.

आधी लाकडाबद्दल लिहिले पाहिजे, कारण ते सोडण्याचा निर्णय मी सहज घेतलेला नाही. दांडेलीच्या सागाची थोरवी आपल्या भागात कोणाला सांगावी लागत नाही, आणि चांगला, पिकलेला साग समुद्राकाठीही अनेक वर्षे टिकतो. तथापि कारवारला वर्षाकाठी 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण साधारण 20 टक्क्यांच्या वर सतत राहू लागले की बुरशीला आवश्यक ती परिस्थिती मिळते, आणि तिथल्या पावसाळ्यात उघड्यावरचे लाकूड त्या मर्यादेच्या खाली येतच नाही. म्हणून दर वर्षी पावसाच्या आधी फळ्या घासून कोरड्या करायच्या, त्यांना तेल पाजायचे, उखडलेले खिळे पुन्हा बसवायचे, हे काम चुकवून चालत नाही. पूर्वी त्या बाजूला होड्यांना आणि घराच्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावीत आणि ते उत्तम काम करी. मामांनी हे सारे हयातभर स्वतःच्या हाताने केले. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, मुले पुण्याला आणि बेंगळुरूला असतात, आणि मजुरीने येणारा माणूस ऐन मे महिन्यात मिळत नाही. ज्या घरात तेल लावणारे हात उरलेले नाहीत त्या घरात साग बसवणे हा सागावरही अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

कॉम्पोझिट फळीत लाकडाचा बारीक भुसा निम्म्याहून अधिक असू शकतो आणि त्याला पॉलिथिलीनसारखे प्लास्टिक बांधून ठेवते; रंग टिकावा आणि उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊ नये म्हणून आणखी काही द्रव्ये घातलेली असतात. भुशाचा कण प्लास्टिकने वेढलेला असल्यामुळे पाणी आत शिरते ते अतिशय सावकाश. अमेरिकेत 1990 च्या दशकात अशा फळ्या मोठ्या प्रमाणात वापरात आल्या, तेव्हा त्यांना बाहेरचे कवच नसे. त्यामुळे त्यांचा रंग उडे, तेलाचे डाग बसत आणि पृष्ठभागावरच्या भुशावर बुरशीचे काळे ठिपके उमटत. नंतर फळीभोवती निव्वळ प्लास्टिकचे पातळ कवच चढवण्याची पद्धत आली. समुद्राकाठी कवच असलेली फळीच घ्यावी, आणि कवच निदान वरच्या बाजूला व दोन्ही कडांना आहे याची कापलेला तुकडा हातात घेऊन खात्री करावी. भरीव आणि पोकळ असे दोन प्रकार मिळतात. पोकळ फळी स्वस्त आणि हलकी असते, पण तिच्या पोकळीत पाणी आणि मुंग्या शिरतात. म्हणून मी भरीव घ्यायला सांगते.

आता ज्या मुद्द्यावर आमचे सर्वांत अधिक बोलणे झाले तो सांगते. फळ्या बसवायला खानापूरचे सुतार आले होते. पन्नाशीचे, हातात उत्तम कसब असलेले गृहस्थ. त्यांची सवय अशी की फळी रुंदीत फुगते, तेव्हा दोन फळ्यांमध्ये फट ठेवायची आणि लांबीच्या बाजूला मात्र टोकाला टोक घट्ट भिडवायचे. लाकडाच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे, कारण लाकूड पाण्याने फुगते आणि ते फुगणे प्रामुख्याने आडवे असते. कॉम्पोझिट फळी मात्र उष्णतेने वाढते आणि लांबीत वाढते. साडेतीन मीटरची फळी पहाटेपेक्षा दुपारी 35 अंशांनी अधिक तापली, तर तिच्यातील घटकांनुसार ती साधारण 4 ते 7 मिमी लांब होते. पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाच्या फळीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, त्यामुळे एवढा फरक तिथे सहज पडतो. टोके भिडवून बसवलेल्या फळ्यांना ही वाढ मावायला जागा मिळाली नाही तर त्या मधोमध कमान धरतात किंवा स्क्रू कापून टाकतात. सुतारांनी हे शांतपणे ऐकून घेतले, एक फळी सकाळी मोजली, तीच फळी उन्हात ठेवून दुपारी पुन्हा मोजली आणि मग स्वतःहून सगळ्या टोकांना जागा सोडली. भिंतीपाशी आम्ही 12 मिमी सोडले. फळी ज्या वेळी बसवता त्या वेळच्या तापमानाचाही विचार करावा लागतो: गार सकाळी बसवत असाल तर टोकाची फट जास्त ठेवावी, भर दुपारी बसवत असाल तर कमी. प्रत्येक फळी मध्यावर एकाच ठिकाणी पक्की करावी आणि बाकीच्या क्लिपांमध्ये तिला सरकू द्यावे, म्हणजे वाढ दोन्ही टोकांकडे वाटली जाते.

रुंदीच्या बाजूनेही 5 ते 6 मिमीची फट हवीच, पण तिचे कारण पाणी आणि हवा हे आहे.

खाऱ्या हवेचे म्हणाल, तर ती फळीचे फारसे काही बिघडवीत नाही. ती लोखंडाच्या मागे लागते. कमी खर्चात काम करणारे लोक साध्या लोखंडी चौकोनी पाइपची चौकट करून तिला रंग देतात. पाइप बाहेरून रंगवला तरी आतून उघडाच असतो, वेल्डिंगच्या जागी आधीच रंग जळालेला असतो, आणि गंज आतून सुरू झाला की वरची फळी शाबूत असताना खालचा आधार बसतो. लोखंडच वापरायचे असेल तर कापणे, भोके पाडणे आणि वेल्डिंग पूर्ण झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून घेतलेले असावे. आम्ही ॲल्युमिनियमचे पाइप घेतले. ॲल्युमिनियम ओल्या सिमेंटच्या संपर्कात राहिले तर खराब होते, म्हणून जांभ्याच्या जोत्यावरच्या काँक्रीटवर ते थेट न टेकवता प्रत्येक आधाराखाली रबराचा तुकडा ठेवला. दोन पाइपांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 300 मिमी ठेवले. 400 मिमी चालते असे काही ठिकाणी सांगतात, परंतु प्लास्टिक उन्हात मऊ पडते आणि सतत वजन राहिले तर हळूहळू वाकते; मामांचा जड झोपाळा त्याच जागी असल्यामुळे मी अंतर वाढवू दिले नाही.

स्क्रू आणि क्लिपांसाठी 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील मागावे. नेहमी मिळते ते 304 असते, आणि त्याहून स्वस्त म्हणून 202 गळ्यात मारले जाते. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठातील क्लोराइडमुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ते चांगला अटकाव करते. दुकानात चुंबक लावून दाखवतात त्यावर विसंबू नये, कारण या तिन्ही प्रतींना चुंबक जवळजवळ सारखाच, म्हणजे नगण्य, चिकटतो. मॉलिब्डेनम ओळखणारे तपासणीचे द्रव बाजारात मिळते. माल मोठा असेल तर ते वापरून पाहावे. एकूण खर्चात स्क्रूंचा वाटा इतका लहान असतो की तिथे काटकसर करण्यात काहीच अर्थ नाही.

जोत्याला प्रत्येक मीटरमागे 10 ते 15 मिमी उतार दिला आणि पुढची बाजू फळी लावून बंद करू दिली नाही. दिसायला ती बंद बाजू नीटनेटकी वाटते, हे मान्य आहे. पण खालून वारा खेळला नाही तर पावसाळाभर खाली दमटपणा कोंडून राहतो. तिथे किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत आणि त्यांची सुयांसारखी पाने फटींतून खाली पडून पाण्याची वाट अडवतात. म्हणून कडेच्या दोन फळ्या स्क्रू काढून उचलता येतील अशा ठेवल्या आहेत. नव्याने जोते बांधणार असाल तर भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात, त्यांची चौकशी आधी करावी. आम्ही जुन्याच जोत्यावर काम केले.

आता देखभालीचे. मीठ साचते ते पावसाळ्यात नव्हे, तर ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत, कारण पावसाळ्यात आभाळच सगळे धुऊन काढते. त्या काळात मामी अधूनमधून विहिरीच्या गोड्या पाण्याने फळ्या धुतात आणि मऊ ब्रशने साबण लावतात. शेवाळ फळीवर धरत नाही, तर फळीवर बसलेल्या धुळीवर धरते. तेव्हा धूळ काढली की ते जाते. तारेचा ब्रश किंवा लोखंडी घासणी वापरू नये, तिचे कण अडकून गंजाचे डाग पडतात. आमसुले मात्र चटईवरच वाळत घालावीत. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: दिवाळीत किंवा तुळशीच्या लग्नाला या फळ्यांवर पणती थेट ठेवू नका. पॉलिथिलीन 130 अंशांच्या आसपास वितळते. मामींनी तुळशीपुढे कडप्प्याची लादी घातली आहे आणि पणत्या तिच्यावर लागतात. लाकूड जळले किंवा खरवडले तर रंधा मारून ते पुन्हा उजळता येते. कवच असलेली फळी एकदा डागळली की बदलावीच लागते, आणि हे तिचे खरे उणेपण आहे. म्हणून त्याच रंगाच्या चार फळ्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर सपाट ठेवाव्यात. कापलेले तुकडे आणि भुसा न्हाणीच्या चुलीत घालू नयेत. त्याचा धूर विषारी असतो, विशेषतः फळीत पीव्हीसी असेल तर.

बेळगाव शहरात गच्चीवर हे करावे का, असेही तुम्ही विचारता. इथे समुद्राचे मीठ नाही, तेव्हा 304 चे स्क्रू पुरेसे आहेत. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस कारवारसारखाच झोडपतो, तिथे उतार आणि खालची हवा यांबाबत वर लिहिलेले सर्व लागू पडते. गच्चीवर ऊन थेट असते आणि एप्रिलच्या दुपारी गडद फळीवर अनवाणी पाय ठेववत नाही, त्यामुळे फिकट राखाडी किंवा वाळूसारखा रंग निवडावा. तसेच फळ्या घालण्यापूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून आणि पाणी साठवून तपासून घ्यावे, कारण नंतर गळती लागली तर सगळे डेकिंग उचलावे लागेल.