कसारा घाटाने दिलेला निकाल

1969 ची फियाट 1100 डिलाइट आणि 1970 ची अ‍ॅम्बेसिडर मार्क 2. ऐपत एकीचीच होती, आणि मन आधीच फियाटवर गेलं होतं. लहानपणी गंगापूर रोडवर शेजारच्या काकांची फियाट मी दर रविवारी हौसेने पुसायचो.

व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर गाडी 50 वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, असा 2021 चा केंद्राचा नियम आहे. त्यामुळे डिझेल इंजिन बसवलेल्या दोन अ‍ॅम्बेसिडर बघितल्या तिथेच सोडल्या.

मग वही घेऊन बसलो. फियाट 1089 सीसी, साधारण 40 अश्वशक्ती, वजन 900 किलोंच्या आसपास. अ‍ॅम्बेसिडर 1489 सीसी, साधारण 50 अश्वशक्ती, पण वजन 1100 किलोंच्या वर. भागाकार केला तर दोघींत एका अश्वशक्तीमागे साधारण 22 किलोच येतात! फरक टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरात. अ‍ॅम्बेसिडरचा जवळजवळ दीडपट, तोही इंजिन संथ फिरत असतानाच.

आमच्या मिस्त्रींनी वही मिटायला लावली. "भाऊ, कसारा चढवू दोन्ही."

दोन्हींत चार-चार माणसं, टायरमध्ये सारखी हवा. घोटीपर्यंत फियाट इतकी हलकी, इतकी गोड चालली की मी मनात रंगही ठरवून टाकला. घाट उतरून वळलो आणि चढाला लागलो, तशी ती दुसऱ्या गिअरवर आली ती वर येईपर्यंत तिथेच. तापमानाचा काटा चढला. मध्ये थांबून, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर ओलं फडकं ठेवून तो थंड करावा लागला. "इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तापून वाकलं की गॅस्केट टिकत नाही," मिस्त्री म्हणाले. अ‍ॅम्बेसिडर मात्र बहुतेक चढ तिसऱ्यावर, न कुरकुरता चढली.

तरी निर्णय झाला तो कॉम्प्रेशन टेस्टनंतर, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजल्यावर. फियाटचे चारही सिलिंडर 120 पीएसआयच्या आसपास. अ‍ॅम्बेसिडरचे तीन 130, आणि एक फक्त 95. माझं तोंडच उतरलं. मिस्त्रींनी त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक, गळती व्हॉल्व्हची. या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा, हेडमध्येच कोरलेली असते. जुन्या पेट्रोलमधलं शिसं तिला झिजेपासून वाचवायचं, आणि ते पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं. हेड उतरवून कडक धातूच्या सीट बसवल्या की काम झालं. मूळ इंजिन तेच राहतं, म्हणून नोंदणीलाही धक्का नाही.

अ‍ॅम्बेसिडर घेतली. हेडच्या कामाला नऊ दिवस लागले. आता चारही सिलिंडर 130 दाखवतात. नोंदणीत जुना नंबर तसाच ठेवता येतो, तो मी ठेवला.

फियाट नाशिकमध्येच एकांनी घेतली. दिसली की मी अजूनही थांबून बघतो.