ब्रेक पॅड वर्षभरात झिजले तेव्हा

आमच्या सात सीटच्या गाडीत घरातलं प्रत्येक माणूस बसतं, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत मी थांबत नाही. पुढच्या चाकातून चिरका आवाज यायला लागला त्याच दिवशी गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावला आणि चाक काढलं. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबून गाडी थांबवतो तो पॅड. त्याला एक छोटी पत्री असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून वाजते, तोच हा आवाज. पण पॅड बदलून जेमतेम वर्ष झालं होतं.

बाहेरचा पॅड जवळपास नवाच होता. आतल्याचं मटेरियल मात्र दोन मिलिमीटर उरलेलं. नवीन पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं आणि तीनवर आलं की बदलायचं. मनात आलं, मागच्या वेळी स्वस्तातला पॅड घेतला तोच नडला. पण पॅडच वाईट असता तर दोन्ही सारखेच झिजले असते ना? पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर हाताने सरकवून बघितला, जागचा हलेना. तो ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन गंजून जाम झाली होती. ब्रेक दाबला की कॅलिपरमधला पिस्टन आतल्या पॅडला ढकलायचा, पण कॅलिपर सरकत नसल्याने बाहेरच्यावर जोर यायचाच नाही.

म्हणजे नुसते पॅड बदलून भागणार नव्हतं. पिना आणि त्यांचे रबरी बूट, म्हणजे त्यांच्यावरची आवरणं, हेही घ्यायचं ठरवलं.

दुकानात आधी गाडीचं नाव सांगितलं. पुढ्यात दोन वेगवेगळ्या मापांचे पॅड आले, कारण एकाच मॉडेलला दोन मापांचे ब्रेक येतात. मग १७ अक्षरी चॅसी नंबर दिला, त्यावरून पार्ट नंबर निघाला आणि तो जुन्या पॅडच्या पाठीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. हे न करता ‘बसेल हो’ या शब्दावर पार्ट घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कंपनीच्याच डब्यातला पार्ट हवा असा माझा हट्ट नसतो. नावाजलेल्या उत्पादकाचा, नंबर जुळणारा पॅड मला चालतो. पण सील फुटलेला डबा किंवा पुसट छपाई दिसली की मी परत करतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजली, अजून जागा होती, म्हणून डिस्क ठेवली. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टन मागे दाबताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, ते ओसंडत नाही ना यावर लक्ष ठेवलं. चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहिलो. ही पायरी विसरली तर पहिला ब्रेक लागतच नाही. दुसऱ्या बाजूच्या चाकावरही हेच सगळं केलं, कारण पॅड नेहमी जोडीने बदलायचे.

दोन महिन्यांनी पुन्हा चाक काढून मोजलं. आतला आणि बाहेरचा पॅड अगदी सारखे भरले.