बिडाच्या ब्लॉकला टाके

वडिलांनी १९८४ साली घेतलेला आमचा चार सिलिंडरांचा ट्रॅक्टर गेल्या वैशाखात लासलगावच्या वाटेवर, कांद्याने भरलेल्या ट्रॉलीसह, वाफा सोडत थांबला. पंख्याचा पट्टा सैल झाला होता आणि तापमानाचा काटा कित्येक वर्षे बंद असल्याने इंजिन किती तापले आहे हे मला कळलेच नाही. थोडी वाफ जाऊ दिली आणि मार्केट गाठण्याच्या घाईत कॅनमधले गार पाणी मी तसेच रेडिएटरमध्ये ओतले. टणकन आवाज झाला आणि इंजिनाच्या कुशीतून पाण्याची बारीक धार लागली. तापलेल्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, एकदम गार पाणी लागले की जिथे ते लागते तो भाग आकसतो, शेजारचा तापलेलाच राहतो, आणि बीड पोलादासारखे ताण सोसत नसल्यामुळे तडकते. हे मला ठाऊक असायला हवे होते.

निफाडच्या मिस्त्रींनी सर्वांत आधी ऑइलची डिपस्टिक ओढून पाहिली. ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या इंजिनाच्या बिडाच्या मुख्य भागाला, आतून तडा गेला असता, तर पाणी ऑइलमध्ये उतरून ते दुधाळ चहासारखे दिसले असते. आमचे ऑइल काळे, पण स्वच्छ होते. "भाऊ, तडा बाहेरच्या भिंतीला आहे, ब्लॉक वाचंल," असे ते म्हणाले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तडा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगच्या बैठकीत किंवा दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीत असता, तर त्यांनी दुरुस्तीला हातच लावला नसता. तड्याच्या लांबीपेक्षा त्याची जागा महत्त्वाची, हे मला त्या दिवशी समजले.

ब्लॉक बदलण्याचा सल्लाही अनेकांनी दिला. परंतु अशा ट्रॅक्टरला मोटारीसारखा वेगळा सांगाडा नसतो. पुढचा एक्सल ब्लॉकच्या पुढच्या टोकाला आणि क्लचचे हाउसिंग मागच्या टोकाला बोल्टने जोडलेले असते, म्हणजे ब्लॉक हाच त्याचा कणा. शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला आणि तोच आरसी बुकात नोंदलेला असल्यामुळे, भंगारातला ब्लॉक बसवायचा तर त्याची कागदपत्रे घेऊन पंचवटीतल्या आरटीओत जावे लागले असते.

राहिला प्रश्न वेल्डिंगचा. बिडात कार्बन पुष्कळ असतो, त्यामुळे वितळलेला भाग भरभर निवला की काचेसारखा ठिसूळ होतो आणि आकसताना शेजारी नवा तडा पाडतो. संपूर्ण ब्लॉक भट्टीत तापवून, निकलच्या रॉडने थोडे थोडे भरत, नंतर राखेत किंवा चुन्यात हळूहळू निववला तर काम होते. मात्र एवढ्या उष्णतेने सिलिंडरांची बोअर, म्हणजे आतली गोल पोकळी, वाकडी होण्याचा धोका उरतोच. म्हणून आम्ही ट्रॅक्टर मधोमध सोडवून ब्लॉक अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये टाके मारण्यासाठी नेला. तिथल्या कारागिराने आधी लाल रंगाचे द्रावण लावून पुसले, वर पांढरी पावडर फवारली आणि नजरेला न दिसलेले तड्याचे शेवटचे बोटभर टोकही लाल रेघ होऊन वर आले. तडा पुढे सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना भोके पाडली. मग रेघेवर एकापाठोपाठ एक, आधीच्या पिनेला थोडे कापत, आटे पाडून पिना बसवल्या आणि मधूनमधून तड्याला आडव्या पट्ट्या ठोकल्या. या सगळ्यात आच कुठेच नव्हती. शेवटी पाण्याच्या वाटा बंद करून, आत हवेचा दाब भरून ब्लॉक गरम पाण्यात बुडवला, तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो. बुडबुडा आला नाही.

ब्लॉकच्या आत पाण्याच्या वाटांमध्ये बोअरवेलच्या पाण्यातल्या क्षाराचा जाड पांढरा थर निघाला. इंजिन तापण्यामागे पट्ट्याइतकाच त्याचाही हात होता, असे मला वाटते. आता रेडिएटरमध्ये कूलंट आहे, तापमानाचा नवा काटा बसवला आहे, आणि सकाळी स्टार्टर मारण्याआधी मी त्या टाक्यांवरून कोरडे फडके फिरवून पाहतो. फडके अजून कोरडेच निघते.