खुशालीचं कार्ड

आमच्या जुन्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड आहे, खानापूरहून बेळगावला आलेलं. स.न.वि.वि., पाऊस चांगला आहे, भाताची लावण झाली, धाकटीचा ताप उतरला, काळजी नसावी. तारखेच्या जागी नुसतं ‘सोमवार’. शिक्का पुसलेला. शेजारच्या मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “ह्यात काय ठेवण्यासारखं हाय? खुशालीचं कार्ड तर हाय की!”

कार्ड आलं त्या दिवशी ताप हीच खरी बातमी. ती वाचून घरच्यांचा जीव भांड्यात पडला असेल, आणि बातमीचं काम संपलं. आता ती धाकटी कोण हे सांगणारंही कुणी उरलं नाही. उलट लिहिणाऱ्याने ज्याचा विचारही केला नसेल, ते आज बोलतं. पत्त्यात ‘म्हैसूर राज्य’ आहे, म्हणजे कार्ड १ नोव्हेंबर १९५६ नंतरचं. त्याआधी आपण मुंबई राज्यात होतो. किंमत नव्या पैशांत, म्हणजे छपाई १९५७ ते १९६४ मधली. पिनकोड नाही, पण तो आला १९७२ साली. तेव्हा त्याच्या नसण्यातून जास्तीचं काही हाती लागत नाही.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली माहिती मोजायची रीत मांडली. ती अर्थाकडे बघतच नाही. जे आधीच ओळखता येतं त्यात माहिती थोडी, जे अनपेक्षित त्यात जास्त. जुलैत खानापुरात पाऊस आहे, हे काय सांगायचं? पाऊस नाही म्हणा, सगळे कान टवकारतील. आपल्या आजोबांना हे गणिताशिवाय कळलेलं दिसतं. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ चार अक्षरांत उरकायचं आणि जागा तापासाठी राखायची!

गावाच्या नावाचंही तसंच. पूर्वी मराठीत ‘बेळगाव’ लिहिलं की कार्ड कुठे जायचं तेवढं कळे. २०१४ मध्ये सरकारी नाव बेळगावी झालं, आणि आता ‘बेळगाव’ लिहिणारा स्वतःबद्दलही काहीतरी सांगून जातो. अक्षरं तीच, फक्त शेजारी दुसरा पर्याय येऊन बसला. लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासताना कुणी ना कुणी मुहूर्ताआधी तेच बघतं. दोन्ही भाषांत पत्रिका काढणारी घरं मराठी बाजूला बेळगाव, कन्नड बाजूला बेळगावी छापून मोकळी होतात. पाहुणे दोन्हीकडचे यायचे असतात.