गाढवाचं वय

दक्षिण सुदानच्या उत्तरेला, सुदानच्या सीमेकडल्या अप्पर नाईल भागात मलाकाल आहे. डिसेंबर 2013 मध्ये यादवी पेटली आणि हे शहर सरकार आणि बंडखोरांच्या हातात आलटून पालटून जात राहिलं. 2015 मध्ये राज्यं नव्याने पाडली, त्यात ते दिंका जमातीच्या बाजूला गेलं म्हणून शिलुक जमातीचे लोक दुखावले. फेब्रुवारी 2016 मध्ये तर संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयछावणीतच हल्ला झाला. तेव्हापासून दिंका शहरात, शिलुक आणि नुएर जमातीचे लोक छावणीत. 2018 मध्ये मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय तुकडीबरोबर पशुवैद्य म्हणून गेलो, तेव्हाही तसंच होतं.

आमचं नाव गाईंसाठी, पण गाढवंही बरीच यायची. नाईलचं पाणी घरोघर गाढवगाड्यांवरच जायचं.

एका शिबिरात शहरातल्या माणसाने गाढव आणलं. जोत घासून खांद्याला जखम, आत अळ्या. टर्पेंटाइनचा बोळा भरून चिमट्याने अळ्या वेचत होतो, तेवढ्यात छावणीतली एक शिलुक बाई पुढे आली. जनावर तिचं म्हणे. लढाईआधीपासून तिचा नवरा त्यावर पाणी वाहायचा. पळताना मागे राहिलं. माणूस म्हणाला, 2016 मध्ये तीन वर्षांचं विकत घेतलंय. दुभाषा माझ्याकडे वळला, "डॉक्टर, तुम्ही दात बघा."

ओठ वर केला. पटाशीचे सगळे दात पक्के. कडेच्या दातांच्या दोन्ही कडा नुकत्या घासलेल्या, खळगे शाबूत. घोड्याच्या हिशेबाने सहा-सात वर्षं. बाईचं खरं असेल तर ते लढाईआधीच कामाला लागलेलं, म्हणजे निदान आठ हवीत; माणसाचं खरं असेल तर पाच. गाढवाचे दात घोड्यापेक्षा उशिरा येतात, म्हणजे वय वाढवावं. पण तिथलं वाळूने भरलेलं कोरडं गवत दात लवकर झिजवतं, म्हणजे कमी करावं. पुस्तकातले तक्ते असल्या जनावरांवर कुणी बेतलेलेच नाहीत.

कुणीतरी म्हणालं, सोडून द्या, ज्या घरी जाईल त्याचं. बाई लगेच तयार. तिचं घर शहरातच होतं. माणूस गप्प झाला. मग दुभाषाने खालच्या आवाजात सांगितलं, आता हा त्याच घरात राहतो.

आमचे वरिष्ठ तिथेच होते. म्हणाले, "आपण न्यायाधीश नाही, मलमपट्टी करा." बरोबरच होतं, आणि त्यांना संध्याकाळच्या अहवालात तपासलेल्या जनावरांचा आकडाही हवा होता. नोंदवहीत मालकाचा रकाना एकच. मी आणणाऱ्याचं नाव लिहिलं आणि वयापुढे 'सहा ते आठ'. बाईने ते दुभाषाकडून दोनदा वाचून घेतलं. 'आठ' म्हटल्यावर तिने माणसाकडे पाहिलं.

पट्टी बदलायला गाढव पुन्हा आलं नाही.

वरच्या जबड्यातल्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीजवळ एक उभी खाच उतरू लागते. गाढवात तीही थोडी मागेपुढे होते. पण 2021 मध्ये कुणी तो ओठ उचलून पाहिला असता, तर खाच दिसली की बाईचं खरं, नसती तर बहुधा त्याचं. मी तोवर परत आलो होतो.